मायेलिन-पेशींची पक्वता : संदेश, ग्राही आणि अर्थ

‘संदेश’, ‘संकेत’, ‘ग्राही’ या संज्ञा पेशीविज्ञानाने भाषाव्यवहारातून उचलल्या आहेत. या रूपकाची व्याप्ती आणि मर्यादा तपासण्यासाठी मेंदूतील ऑलिगोडेंड्रोसाइट या पेशींचे उदाहरण उद्बोधक ठरते.

चेतापेशींच्या अनेक अक्षतंतूंभोवती मायेलिनचे स्निग्ध वेष्टन असते. त्यामुळे विद्युत्-आवेगाचा वेग वाढतो. ‘मायेलिन’ हे नाव रुडॉल्फ फिरखो यांनी १८५४ मध्ये दिले. मेंदूत हे वेष्टन घडविणाऱ्या पेशींचे वर्णन पिओ देल रिओ-ओर्तेगा यांनी १९२१ मध्ये केले आणि त्यांना ‘अल्पशाखी’ या अर्थाचे ग्रीक नाव दिले. प्रत्यक्षात अशी एकच पेशी कित्येक अक्षतंतूंना वेष्टू शकते.

ही क्षमता पेशीला पक्वतेनंतर लाभते. पीडीजीएफ हा वाढघटक पूर्वपेशीला विभाजित होत ठेवतो. थायरॉइड संप्रेरक तिला विभाजनाकडून पक्वतेकडे वळविते. पूर्वपेशीच्या पृष्ठभागावरील ‘नॉच’ या ग्राहीचे कार्य मात्र अधिक गुंतागुंतीचे आहे. अक्षतंतूवरील जॅग्ड-१ हे प्रथिन नॉचला जोडले गेले की पक्वता रोखली जाते, असे १९९८ मध्ये दिसून आले. पुढे २००३ मध्ये असे आढळले की, कॉन्टॅक्टिन हे अक्षतंतूवरीलच दुसरे प्रथिन त्याच नॉचला जोडले गेल्यास पक्वतेला चालना मिळते. पेशीच्या अंतर्भागात दोन्ही वेळी वेगवेगळे मध्यस्थ कार्यरत होतात. ग्राही एकच, परंतु परिणाम परस्परविरुद्ध. अर्थ एकट्या ग्राहीत साठवलेला नसतो, तो संबंधातून सिद्ध होतो.

या भेदाचे महत्त्व केवळ तात्त्विक नाही. मल्टिपल स्क्लेरोसिस या व्याधीत शरीराची प्रतिकारयंत्रणाच मायेलिन नष्ट करते. जुन्या व्रणांपैकी अनेकांत अपक्व ऑलिगोडेंड्रोसाइट टिकून असल्याचे २००२ मध्ये दाखविले गेले. त्यांच्या शाखा अक्षतंतूंपर्यंत पोचल्या होत्या. वेष्टन मात्र घडले नव्हते. म्हणजे उणीव नेहमीच पेशींची नसते, कित्येकदा पक्वतेची असते. ही पक्वता औषधाने साधण्याचे प्रयत्न त्यातूनच पुढे आले. क्लेमास्टिन या ॲलर्जीवरील जुन्या औषधाची ५० रुग्णांवरील चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत दृष्टिमार्गातील आवेगाचा विलंब घटला, परंतु अल्प प्रमाणातच.

पेशीला अर्थबोध होत नाही, ही या रूपकाची मर्यादा होय. तथापि संदेश कोणाचा, कोणत्या अवस्थेतील पेशीला आणि कोणत्या संदर्भात, हे प्रश्न त्यानेच सुचविले आहेत. उपचाराचा शोधही आज याच प्रश्नांभोवती चालू आहे.