अन्नदानाची तिथी आणि मुलांचे रोजचे ताट

सुरतेतील डिंडोली, उधना आणि लिंबायत या वस्त्यांत धुळे, नंदुरबार, जळगाव या जिल्ह्यांतून यंत्रमागांच्या आणि कापड कारखान्यांच्या कामासाठी आलेली खानदेशी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात, आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांच्या नावाने घागर भरून आल्यागेल्याला जेवू घालण्याची रीतही त्यांच्याबरोबर इथवर आली आहे. हेच अन्न अनाथ मुलांच्या ताटात पडावे, या इच्छेतून बालाश्रमांत 'तिथी' नोंदवली जाते. वाढदिवस किंवा पुण्यतिथी ठरवून दाता त्या दिवसाच्या जेवणाचा खर्च उचलतो, आणि तिथी 'कायम' असेल तर त्याच्या ठेवीच्या व्याजातून दरवर्षी त्या दिवशी पंगत बसते. गुजरातमधील शाळांच्या मध्यान्ह भोजनात याच कल्पनेने 'तिथी भोजन' रुजले आणि पुढे केंद्र सरकारनेही ते स्वीकारले. मात्र ते रोजच्या आहाराला जोड म्हणून द्यायचे असते, त्याच्या बदल्यात नव्हे.

अनाथांच्या संगोपनात गुजराती आणि मराठी समाजांचे नाते जुने आहे. पंढरपुरात न्यायाधीश असलेले लालशंकर उमियाशंकर त्रवाडी यांनी 1875 मध्ये तेथे बालकाश्रम उभारण्यात पुढाकार घेतला, आणि लगेच पडलेल्या 1876-78 च्या दुष्काळाने अशा आश्रयाची निकड किती मोठी आहे हे दाखवून दिले. पुढे 1892 मध्ये त्यांच्याच प्रयत्नांतून अहमदाबादेत उभ्या राहिलेल्या अनाथाश्रमाला ज्यांचे नाव मिळाले, ते सुधारक महिपतराम रूपराम नीलकंठ मूळ सुरतेचे होते.

मुलाला दिवसाकाठी नेमके किती अन्न लागते, याचा हिशेब बाल न्याय अधिनियम 2015 खालील केंद्राच्या 2016 च्या नमुना नियमांत दिलेला आहे. त्यानुसार एका मुलामागे रोज 600 ग्रॅम धान्य, 120 ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, 100 ग्रॅम पालेभाजी आणि 130 ग्रॅम इतर भाजी धरलेली असून न्याहारीसह चार वेळा खाणे द्यावयाचे असते. पन्नास मुलांच्या संस्थेला म्हणजे दिवसाला 30 किलो धान्य आणि 6 किलो डाळ, महिन्याला 900 किलो धान्य आणि 180 किलो डाळ लागते, आणि ही गरज श्रीखंड-पुरीच्या एका पंगतीने भागणारी नाही. पितृपक्षात आणि दिवाळीच्या सुमारास दाते एकाच वेळी येतात, त्यामुळे मुलांच्या वाट्याला लागोपाठ गोडधोड येते, तर आषाढातल्या एखाद्या साध्या मंगळवारी तेल, तूरडाळ आणि पालेभाजी यांसाठी संस्थेला स्वतःच्याच पैशांकडे पाहावे लागते. म्हणून तिथी देणाऱ्याने आधी संस्थेच्या नोंदवहीतील रिकामे दिवस विचारावेत, आणि शक्य असेल तेथे शिजवलेल्या जेवणाऐवजी कोरडा शिधा, म्हणजे न शिजवलेले धान्य व किराणा, किंवा रोख रक्कम द्यावी, हेच अधिक हिताचे आहे.

लग्नात उरलेले अन्न देण्यामागील भावना चांगली असली, तरी सुरतेच्या दमट उकाड्यात बाहेर राहिलेला भात काही तासांत विषारी होऊ शकतो; अशा अन्नाच्या संकलनासाठी आणि वाटपासाठी देशात 2019 पासून स्वतंत्र नियम आहेत.

देण्यापूर्वी संस्थेची अधिनियमाच्या कलम 41 खालील नोंदणी पाहणेही आवश्यक आहे, कारण अशा गृहांत मूल जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीच्या आदेशाने ठेवले जाते, आणि त्यांतील कित्येकांचे आई किंवा वडील हयात असतात. वाढलेल्या ताटासह मुलाचे छायाचित्र काढून ते सर्वत्र फिरवण्याची सवय याच कारणाने अधिक दुखावणारी ठरते: आपण कोठे राहतो हे मुलाने शाळेतील सोबत्यांना सांगितलेले नसते आणि ते दात्याचा फोन सांगून टाकतो. संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करण्यास कलम 74 ने मनाई केली असून त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.