'ध'चा 'मा' न करताही!

नाशकातून गंगापूर रोडने जाताना आनंदवल्ली लागली की मला हटकून 'ध'चा 'मा' आठवतो. राघोबादादा आणि आनंदीबाई इथे राहत. 1773 साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तो पत्रातले 'धरावे' बाईंनी 'मारावे' केल्यामुळे, अशी आख्यायिका. खरेखोटे इतिहासकार जाणोत! पण ही धास्ती जुनीच. शिवछत्रपतींच्या पत्रांत मजकूर संपताच 'मर्यादेयं विराजते' ही मुद्रा उमटवीत. तिच्यापुढे कुणाला अक्षर घुसडता येत नसे.

गेल्या वर्षी आमचे जुने सर वारले. शोकसभेची वार्ता मी माजी विद्यार्थ्यांच्या मेलिंग लिस्टवर धाडली. एका पत्त्यावर ई-मेल पाठवले की ते साऱ्यांना वाटले जाते, अशी ती सोय. सभेला निम्मेच आले! पंधरा दिवसांनी पुण्याहून वर्गमित्राचा फोन. "अरे, मला कळवावंसंही वाटलं नाही तुला?" माझे पत्र त्याच्याकडे स्पॅमच्या अडगळीत पडले होते, संशयित म्हणून.

उलगडा भाच्याने केला. ई-मेल निघताना आपला सर्व्हर प्रेषकाचे नाव, विषय आणि मजकूर यांचा गणिती ठसा घेऊन गुप्त किल्लीने त्यावर सही करतो. या सहीला डीकेआयएम म्हणतात. ती पडताळण्याची किल्ली जाहीर असते. वाटेत मजकुराचे एक अक्षर बदलले की ठसा जुळत नाही. आणि आमची लिस्ट काय करी? विषयाआधी कंसात मंडळाचे नाव घाली, तळाशी 'सदस्यत्व रद्द करण्यासाठी' वगैरे शेपूट जोडी. हेतू चांगला; पण सही मोडली ती मोडलीच. यंत्राला आनंदीबाई आणि आमचे चिटणीस सारखेच! पोस्टमास्तर निदान शिक्का पाकिटावर मारतो, आतल्या कागदावर नव्हे.

एप्रिल 2014 मध्ये याहूने, आपल्या नावाचे पत्र पडताळणीत उतरले नाही तर नाकारावे, असे जाहीर केले आणि जगभरच्या लिस्टांची त्रेधा उडाली. मग कित्येक लिस्टा प्रेषकाच्या जागी स्वतःचाच पत्ता घालू लागल्या. म्हणजे पत्र माझे, पत्ता मंडळाचा! 2019 साली एआरसी नावाची तोड प्रसिद्ध झाली: 'माझ्याकडे आले तेव्हा सही शाबूत होती' अशी साक्ष मधल्या सर्व्हरने जोडायची. साक्षीदारावर विश्वास ठेवणे मात्र घेणाऱ्याच्या मर्जीवर.

आमच्या मंडळाने कंस आणि शेपूट दोन्ही छाटले. वर्गमित्राला घेऊन मी सरांच्या घरी गेलो. तो काकूंना सही, ठसा, सर्व्हर असे काहीबाही सांगू लागला. काकूंनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "आलास ना? बस. चहा टाकते."