केळे हातात देण्याआधी एक प्रश्न विचारा

ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीला महापुराने वेढा घातला. पुणे-बंगळूर महामार्ग काही दिवस बंद होता. कोल्हापुरात पाणी उपसा केंद्रेच बुडाल्याने नळ कोरडे पडले. अशा वेळी आपली मंडळे, विहारांतले तरुण बिस्किटे, केळी, पाण्याच्या बाटल्या घेऊन धावतात, आणि धावलेच पाहिजे. पण मदतीच्या रांगेत डायलिसिसवरचा रुग्णही उभा असतो. त्याला आपुलकीने दिलेले केळे त्याच्या जिवावर बेतू शकते, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

किडन्या निकामी झाल्या की शरीरातले पोटॅशियम आणि जादा पाणी बाहेर पडत नाही. ते काम यंत्र करते. आठवड्यातून दोन-तीन वेळा, दर वेळी साधारण चार तास. पाळी चुकली की दोन्ही साचू लागते. पोटॅशियम फार वाढले तर हृदय बंद पडू शकते. पाणी फुफ्फुसात साचले तर दम लागतो. केळी, शहाळे, टोमॅटो, बटाटा, इतकेच काय ओआरएसमध्येही पोटॅशियम असते. खारट फरसाणाने तहान वाढते, आणि या रुग्णाला पाणी मोजूनच प्यावे लागते. म्हणून आधी विचारा, "किडनीचा त्रास आहे का? डायलिसिस कधी झाले?" आणि फिस्टुला असलेला हात, म्हणजे सुया टोचण्यासाठी शिरा जोडून तयार केलेला हात, धरून कुणाला नावेत ओढू नका.

रुग्णाने पावसाळ्याआधीच डॉक्टरांकडून तीन दिवसांचा आणीबाणीचा आहार लिहून घ्यावा. औषधे, ताजे रिपोर्ट आणि डायलिसिसची माहिती प्लॅस्टिकच्या पिशवीत तयार ठेवावी. किडनी प्रत्यारोपण झालेल्यांनी गोळ्यांचा एकही दिवस चुकवू नये. पाळी चुकली असेल तर अंगात त्राण नसणे, धाप लागणे ही लक्षणे अंगावर काढू नयेत.

मात्र सगळा भार रुग्णावर टाकणे आम्हाला मान्य नाही. एका डायलिसिसला सुमारे १२० लिटर शुद्ध केलेले पाणी लागते, शिवाय अखंड वीज. केंद्राकडे जनरेटर आहे का, टँकर ठरला आहे का, केंद्र बंद पडले तर रुग्णांना कुठे पाठवणार? २०१२ मध्ये न्यूयॉर्कला सँडी वादळ येण्याआधीच ज्यांचे डायलिसिस उरकून घेतले, त्यांच्यावर नंतर इस्पितळात भरती होण्याची वेळ कमी आली. हवामान खात्याचा रेड अलर्ट आल्यावर आपल्याकडेही हे करता येईल. २०१६ पासून प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात दारिद्र्यरेषेखालील रुग्णांना जिल्हा रुग्णालयात मोफत सेवा आहे. नदी-नाल्याकाठच्या आपल्या वस्त्यांतले रुग्ण तिथेच जातात. तेव्हा लेखी आराखडा कुठे आहे, हे कार्यकर्त्यांनी जिल्हा शल्यचिकित्सकांना निवेदन देऊन विचारावे.

दरम्यान प्रत्येक विहाराने वस्तीतल्या अशा रुग्णांची त्यांच्या संमतीने यादी करावी: फोन, केंद्र, डायलिसिसचे वार. पाणी चढू लागले की नाव आधी त्यांच्या दारी न्यावी, आणि १०८ व जिल्हा नियंत्रण कक्षाच्या १०७७ वर फोन करताना "डायलिसिसचा रुग्ण आहे" हे पहिल्याच वाक्यात सांगावे.