लातूरच्या दिवाणखान्यात समुद्र

समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या लातूर-नांदेडमध्ये प्रवाळांत राहणारा रंगीत 'रॅस' मासा पाळायचा, तर समुद्र घरीच तयार करावा लागतो. बोअरचे क्षारयुक्त पाणी चालत नाही. आरओच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम मत्स्यालयाचे सागरी मीठ विरघळवावे लागते. खाण्याचे मीठ नव्हे. पाण्याची वाफ होते, मीठ मात्र टाकीतच राहते. त्यामुळे रोजची भर गोड्या पाण्याचीच घालावी. उन्हाळ्यात येथे पारा 40 अंशांपुढे जातो आणि माशाला साधारण 25-26 अंश तापमान हवे असते, म्हणून पाणी गार ठेवणारा चिलरही आलाच.

खरी अडचण वेगळीच आहे. आरओ यंत्र बहुधा शुद्ध करते त्याहून अधिक पाणी वाया घालवते. 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातुरात हा छंद जोपासणाऱ्याने त्या सांडपाण्याची सोय आधी करावी. फरशी पुसण्यास ते उत्तम!

अनेक जातींचे रॅस रात्री वाळूत शिरून झोपतात आणि घाबरले की टाकीबाहेर उडी घेतात. तळाशी बारीक वाळूचा जाड थर आणि वर जाळी हवीच. इतर माशांच्या अंगावरील परजीवी टिपून जगणारा 'क्लीनर रॅस' मात्र घेऊ नये. टाकीत तो बहुधा उपाशी मरतो. राहिले प्रवाळ. 2001 पासून त्यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे, त्यामुळे टाकीतील खडक कृत्रिमच असावेत.