पंगतीचा हिशेब आणि पंगतीतला मान

लग्न ठरले की घरात पहिली यादी होते ती आमंत्रणांची. दुसरी होते किराणा आणि कापडाची. तिसरी यादी मात्र बहुतेक घरांत होतच नाही, आणि कार्याच्या दिवशी जो गोंधळ उडतो तो बहुधा या न केलेल्या यादीपायी उडतो. आलेल्या माणसांपैकी कोणी, केव्हा आणि कुठे जेवायला बसायचे, याची ही यादी. "माणसं येतील तशी बसतील, त्यात काय एवढं ठरवायचं?" असे घरातले कर्ते म्हणतात. पण माणसे येतील तशी बसत नाहीत; ती बसवावी लागतात. आणि बसवण्यात काही चुकले, तर जिलबी कितीही छान जमलेली असो, लोकांच्या ध्यानात राहते ती चूकच.

या विषयात दोन हिशेब आहेत. एक जागेचा आणि दुसरा मानाचा. पहिला सोपा आहे, कारण तो फूटपट्टीने सुटतो. म्हणून आधी तोच घेऊ.

समजा, लांज्याजवळच्या एखाद्या वाडीत घरापुढच्या खळ्यात मांडव घातला आहे. लांबी ४४ फूट, रुंदी २५ फूट. मांडी घालून बसणाऱ्या माणसाला रुंदीला दोन फूट जागा हवी. त्याहून कमी दिली तर शेजाऱ्याचे कोपर आपल्या पानावर येते. पाट आणि त्यापुढचे केळीचे पान मिळून साडेतीन फूट धरा. समोरासमोरच्या दोन ओळींच्या मध्ये वाढप्यांसाठी चार फुटांची वाट ठेवावी, कारण एक जण भाताचे पातेले घेऊन निघाला की दुसरा मठ्ठ्याची बादली घेऊन समोरून येणारच. अशा रीतीने ओळींच्या एका जोडीला अकरा फूट लागले, दोन जोड्यांना बावीस. उरलेले तीन फूट पाठीमागून जाण्या-येण्याला. लांबीत दोन्ही टोकांना दोन-दोन फूट सोडले की एका ओळीत वीस पाने बसतात. चार ओळी म्हणजे ऐंशी पाने.

आता पाहुणे चारशे असतील तर पंगती पाच झाल्या. जेवणाला अर्धा तास आणि उष्टी काढून, जागा पुसून पुन्हा पाने मांडायला पाव तास, असा पाऊण तास एका पंगतीला सहज जातो. पहिली पंगत पाऊण वाजता बसली, तर पाचवी बसेल पावणेचारला आणि उठेल सव्वाचारला. हा आकडा एकदा कागदावर लिहिला म्हणजे घरातल्या कर्त्यांचा सूर बदलतो. कारण मग पुढचा प्रश्न आपोआप येतो : पावणेचार वाजेपर्यंत उपाशी राहायचे कोणी?

पंगत आटोपशीर व्हावी यासाठी पाने वाढवायची घाई करून उपयोग नाही. वाढप्यांची संख्या पाहावी. एका पानावर एक पदार्थ वाढायला चार सेकंद धरले, तर वीस पानांच्या ओळीला ऐंशी सेकंद लागतात. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, भाजी, उसळ, भात, वरण, तूप असे बारा पदार्थ एकट्याने वाढायचे म्हटले तर सोळा मिनिटे झाली, आणि पहिल्याच्या पानावरचा भात निवून गेला. तेच चौघे जण एकामागोमाग निघाले तर काम चार-पाच मिनिटांत होते. पान मांडताना शेंडा जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला, डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी-उसळ, मध्ये भात, ही जी जुनी रीत आहे तिचाही उपयोग इथे कळतो. कोणता पदार्थ कुठे वाढायचा हे ठरलेले असल्यामुळे वाढप्याला विचार करावा लागत नाही.

आता दुसरा हिशेब, मानाचा. आपल्याकडे पंगत हे नुसते जेवण कधीच नव्हते. कोण कोणाच्या शेजारी बसतो, कोण आधी बसतो, पाटाभोवती रांगोळी कोणाच्या आहे, यावरून समाजातली पायरी ठरत असे. एकाच लग्नात जातवार पंगती बसत. गावची निम्मी कामे ज्यांच्या हातून होत, त्यांना मांडवाबाहेर थांबून उरलेसुरले घेऊन जावे लागे. उच्चवर्णीय मंडळींतही एकत्र खाण्यापिण्याचे प्रकरण किती नाजूक होते, हे पुण्यातल्या १८९० सालच्या पंचहौद मिशनच्या चहावरून दिसते. मिशनऱ्यांकडे चहा घेतला एवढ्यावरून ग्रामण्य उभे राहिले, आणि लोकमान्य टिळक व न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या वादात सापडावे लागले.

ही भिंत पंगतीनेच उभी केली होती, म्हणून ती पाडण्याचे कामही पंगतीतच झाले. आपल्याच रत्नागिरीत स्वातंत्र्यवीर सावरकर १९२४ ते १९३७ स्थानबद्धतेत होते. त्या काळात तिथे सहभोजने झाली. भागोजीशेठ कीर यांच्या खर्चाने उभारलेले पतितपावन मंदिर १९३१ साली सर्व हिंदूंना खुले झाले. सगळ्या जातींची माणसे एका ओळीत बसून जेवली, एवढीच घटना. पण तिच्यावरून घराघरांत भांडणे झाली. आज हे वाचताना नवल वाटेल. पुढे १९५० साली अमलात आलेल्या संविधानाच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट झाल्याचे जाहीर केले. तरी कायद्याचा हात मांडवाच्या दारापर्यंत पोचतो. आत पाने कशी मांडायची ते यजमानाच्या मनावर असते.

म्हणून जातवार पंगती गेल्या तरी पायऱ्या पुरत्या गेल्या असे नाही. वरपक्षाची पंगत पहिली, मोटारीतून आलेल्यांना आग्रहाची पंगत, आणि वाडीतली कामाला आलेली माणसे शेवटी, हा क्रम अजून अनेक ठिकाणी पाहायला मिळतो. कोणी तो मुद्दाम ठरवत नाही. काहीच ठरवले नाही की तोच क्रम आपोआप लागतो. तिसरी यादी करायची ती यासाठी.

मग क्रम लावायचा कसा? माझे सांगणे एवढेच की आधी गरज पाहा, मग मान. लांज्याकडची लग्ने बरीचशी वैशाखात, पावसाच्या तोंडावर होतात. मुंबईचे चाकरमानी मे महिन्याच्या सुटीत आलेले असतात. कोणाला विलवडे स्टेशनावर गाडी गाठायची असते, कोणाला भांबेड, प्रभानवल्ली किंवा साटवलीकडे परतायचे असते आणि त्या बाजूच्या एस. टी. च्या वेळा ठरलेल्या. तेव्हा ज्याला लांब जायचे आहे तो पहिल्या पंगतीला. लहान मुले आणि त्यांच्या आया पहिल्या पंगतीला. मधुमेह असलेली, औषधाच्या वेळा असलेली माणसे आणि गरोदर बाई पहिल्या पंगतीला. म्हाताऱ्या माणसांना मांडी घालता येत नसेल तर त्याच ओळीच्या टोकाला दोन-चार टेबल-खुर्च्या मांडाव्यात. वेगळ्या खोलीत बसवले तर सोय होते, पण ती माणसे लग्नातून बाजूला पडतात.

व्याह्यांचे काय, असे तुम्ही म्हणाल. त्यांचा मान जरूर करावा. विहीणबाईंच्या पाटाभोवती रांगोळी काढा, उदबत्ती लावा, समोर उभे राहून आग्रह करा. त्यासाठी औषधाची वेळ झालेल्या आजोबांना थांबवून ठेवण्याची गरज नाही. मान आग्रहात असतो, पंगतीच्या नंबरात नसतो, हे वरपक्षाला दोन दिवस आधी गोडीने सांगितले तर बहुतेक वेळा पटते. ऐनवेळी सांगितले तर मात्र तोच अपमान ठरतो.

याच यादीत आणखी एका व्यक्तीची जागा आधी ठरवून ठेवा. नवरा किंवा नवरी यांची आई विधवा असेल, तर कार्याच्या दिवशी ती स्वतःच मागच्या पडवीत जाऊन बसते आणि कोणी तिला पुढे बोलावत नाही. ज्या बाईने एकटीने मूल वाढवले, तिने त्याचे लग्न दाराआडून पाहायचे, हा कुठला न्याय? कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनाही तसे आवाहन केले. आपल्या घरापुरता ठराव करायला ग्रामपंचायतीची वाट पाहायला नको. विहिणीच्या पंगतीत तिचे पान मांडून ठेवा, म्हणजे झाले.

आता टेबलाकडे वळू. मंगल कार्यालयात किंवा संध्याकाळच्या स्वागतसमारंभात हल्ली टेबल-खुर्च्या असतात. तिथेही माणशी दोन फुटांचा नियम लागू आहे. सहा फुटांच्या लांब टेबलाला एका बाजूने तिघे. पाच फूट व्यासाच्या गोल टेबलाचा घेर पावणेसोळा फुटांच्या आसपास भरतो, म्हणजे त्याला आठ जण. दोन गोल टेबलांच्या कडांमध्ये पाच फूट अंतर हवे, कारण दोन्हीकडच्या खुर्च्या मागे सरकतात आणि मधून वाढपी जातो. अशा हिशेबाने आठ जणांना सुमारे शंभर चौरस फूट, म्हणजे माणशी साडेबारा फूट जागा लागते. आपल्या मांडवातल्या पंगतीला माणशी पावणेचौदा फूट लागली होती. थोडक्यात, टेबलाने जागा फारशी वाचत नाही. गुडघे मात्र वाचतात.

गोल टेबलाचा एक गुण मात्र मोठा आहे. त्याला वरचे आणि खालचे टोक नसते. लंडनला १९३० ते १९३२ या काळात झालेल्या ज्या परिषदांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर गेले होते, त्यांना आपण गोलमेज परिषद म्हणतो; त्या शब्दातच सर्वांनी बरोबरीने बसण्याची कल्पना आहे. व्हिएतनामच्या युद्धाची बोलणी पॅरिसला व्हायची होती, तेव्हा टेबलाचा आकार कसा असावा यावर दोन्ही बाजूंनी कित्येक आठवडे वाद घातला. युद्ध चालूच होते. अखेर जानेवारी १९६९ मध्ये मधोमध गोल टेबल आणि दोन बाजूंना दोन लहान चौकोनी टेबले, अशी तडजोड झाली. मोठमोठ्या राष्ट्रांचे जिथे असे होते, तिथे आपल्या मामा-काकांनी जागेवरून रुसावे यात आश्चर्य ते काय? भावकीत अबोला असलेल्या दोघांना दोन वेगळ्या गोल टेबलांवर, पण सारख्याच अंतरावर बसवावे. कोणी पुढे नाही, कोणी मागे नाही.

बुफे असेल तर बसवण्याचा प्रश्न मिटतो, असा एक समज आहे. तो तेवढासा खरा नाही. एका रांगेतून मिनिटाला तीन माणसे ताट भरून बाहेर पडतात असे धरले, तर चारशे माणसांना सव्वादोन तास लागतील. टेबल भिंतीपासून पुढे ओढून दोन्ही बाजूंनी वाढून घेण्याची सोय केली की वेळ निम्मा होतो. पाणी आणि गोड पदार्थ वेगळ्या कोपऱ्यात ठेवले की तो आणखी उतरतो. शिवाय उभ्याने जेवणे काठी टेकणाऱ्या माणसाला जमत नाही. शंभर माणसांमागे निदान तीस-चाळीस खुर्च्या टेबलांसह ठेवाव्यात आणि तिथे वाढून आणून देणारी दोन पोरे नेमावीत.

वधूवरांना भेटायची रांगही याच हिशेबातली आहे. चारशे माणसे चार-चारांच्या गटाने वर गेली आणि फोटोसह एका गटाला चाळीस सेकंद लागले, तरी एक तास सात मिनिटे झाली. व्यासपीठावर एका बाजूने चढावे, दुसऱ्या बाजूने उतरावे, आणि उतरण्याची बाजू जेवणाकडे तोंड करून असावी. चढण्याची आणि जेवणाची रांग एकमेकींना छेदू लागल्या की समारंभाचे एस. टी. स्टँड होते.

पाहुणे कमी असले तर लग्न लहान होते काय? करोनाच्या साथीत, एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रात लग्नाला पंचवीस माणसे आणि दोन तास एवढीच मुभा होती. त्या निर्बंधामागे मोठे दुःख होते, त्याची आठवण कोणाला नको. पण तेव्हा अनेक घरांत प्रथमच असे झाले की यजमान, व्याही, भटजी आणि आचारी एकाच पंगतीला बसून जेवले. साथ गेली; ती रीत ठेवायला हरकत नसावी.

कारण या साऱ्या हिशेबात शेवटची पंगत अटळ आहे. कोणीतरी पावणेचारला जेवणारच. मांडव घालणारे, वाजंत्रीवाले, पाणी भरणारे, भांडी घासणाऱ्या बाया, सकाळपासून चुलीपुढे असलेला आचारी, यांची ती पंगत. ती चुकवता येत नसेल, तर तिचा दर्जा तरी आपल्या हातात आहे. तिच्यासाठी जिलबी आणि भाजी आधीच मोजून बाजूला काढून ठेवावी, म्हणजे खरवडून वाढण्याची वेळ येत नाही. पाने तशीच धुऊन-पुसून मांडावीत. आणि वधूपित्याने किंवा वरपित्याने, ज्याचे कार्य असेल त्याने, स्वतःचे पान त्याच ओळीत मांडून घ्यावे. यजमान जिथे बसतो ती पंगत मानाची, असे जुने लोक समजत. मग ती पहिली असो की पाचवी.