विमान म्हणजे फक्त पायलट नव्हे

बारावीचा निकाल लागला की घोडेगावातल्या आमच्या बैठकीत दरवर्षी तेच प्रश्न येतात. पोलीस भरती कधी? एमपीएससीचा क्लास कुठे लावायचा? विमान क्षेत्राचे नाव काढले की पोरं हसतात, "पायलट व्हायला पैसा लागतो, ते आपलं काम नाही." पैशाचे खरे आहे. व्यावसायिक पायलटच्या परवान्यासाठी किमान 200 तास उड्डाण करावे लागते आणि खर्च लाखोंच्या घरात जातो. पण एक विमान उडते तेव्हा जमिनीवर किती हात राबलेले असतात, हे आपल्या वस्तीत कुणी सांगत नाही.

हे क्षेत्र माणसाला आयुष्यभर वेगवेगळी कामे देऊ शकते. कोल्हापूर जिल्ह्यातले डॉ. विष्णू माधव घाटगे यांचे उदाहरण घ्या. जर्मनीत गटिंगेनला प्रांटल यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत विमान अभियांत्रिकीचा विभाग उभा करण्यात त्यांचा पुढाकार होता. मग हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये त्यांनी एचटी-2 या प्रशिक्षण विमानाचा आराखडा केला. ते 1951 मध्ये उडाले. पुढे पुष्पक, कृषक आणि 1964 चे किरण जेट. शिक्षक, संशोधक, आराखडाकार, व्यवस्थापक: हे सगळे एकाच माणसाने केले.

बेंगळुरूत तो विभाग 1942 मध्ये सुरू झाला. त्याच वर्षी बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले आणि आपल्या विद्यार्थ्यांना विज्ञान-तंत्रज्ञानाच्या व परदेशातील शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या द्या, अशी मागणी त्यांनी सरकारकडे केली. 1944 पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आपली पोरं नुसती कारकून होऊ नयेत, तंत्रज्ञही व्हावीत, हा त्यामागचा विचार आपण अर्धाच उचलला.

मग इथून रस्ता कुठला?

पहिला, आयटीआय किंवा डिप्लोमा. शेजारच्या नाशिक जिल्ह्यात ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा (एचएएल) कारखाना आहे. तिथे मिग-21 बनले, सुखोई-30 बनले आणि 2025 पासून तेजसही बनते आहे. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन अशा ट्रेडच्या मुलामुलींना तिथे अप्रेंटिसशिप मिळते. अप्रेंटिस कायद्यात अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखीव आहेत.

दुसरा, विमान देखभाल अभियंता, म्हणजे एएमई. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हवे. बी-1 परवाना मुख्यतः सांगाडा व इंजिनासाठी, बी-2 इलेक्ट्रॉनिक यंत्रणेसाठी. दुरुस्तीनंतर विमान उडण्यायोग्य आहे, अशी सही हाच माणूस करतो.

तिसरा, इंजिनिअरिंगची पदवी आणि मग परदेशी शिष्यवृत्ती. केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती आहे, राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीही आहे.

इथेच फसवणूकही होते. "सहा महिन्यांत एअरपोर्टवर नोकरी" म्हणणारे क्लास गावोगावी जाहिरात करतात. लक्षात ठेवा, एएमईचा परवाना कॉलेज देत नाही, डीजीसीए देते. प्रवेशाआधी त्या संस्थेला डीजीसीएची मान्यता आहे का आणि तिथे शिष्यवृत्ती लागू आहे का, हे दोन प्रश्न विचारा. आईबापांनी जमीन किंवा दागिना मोडण्याआधी विचारा.

दुसरी अडचण दाखल्याची. केंद्रात बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती 1990 च्या दुरुस्तीनंतर मिळाल्या. राज्याच्या दाखल्यावर विसंबून राहू नका. केंद्राच्या नमुन्यातला दाखला आधीच काढून ठेवा.

आणि एक कडू सत्य. 2022 मध्ये एअर इंडिया टाटांकडे गेली, तिथले आरक्षण संपले. खासगी कंपन्यांत ते नव्हतेच. खासगीतही आरक्षण हवे, ही लढाई चालूच ठेवायची. पण तोवर हातात परवाना आणि कौशल्य असलेल्या मुलीला डावलणे अवघड जाते, हेही तितकेच खरे.

म्हणून कार्यकर्त्यांना एवढेच सांगणे: येत्या जयंतीच्या वर्गणीतला थोडा भाग बाजूला काढा. विहारात रविवारी दोन तास गणित-भौतिकशास्त्राचा वर्ग चालवा आणि आठवीपासूनच्या मुलांची एक सहल ओझरच्या बाजूला न्या. विमान जवळून गेले की "ते आपलं काम नाही" हे वाक्य आपोआप गळून पडेल.

जय भीम!