अज्ञात कारणाचा पक्षाघात आणि हृदयाची परीक्षा

पक्षाघातास आपल्या घरांतून ‘अर्धांगवायु’ हें नांव पिढ्यान् पिढ्या चालत आलें आहे. आयुर्वेदानें या व्याधीची गणना वातविकारांत केली. आणि वायु जसा डोळ्यांस दिसत नाहीं तसें या रोगाचें कारणही दिसावयाचें नाहीं, अशी समजूत लोकांत रूढ झाली. आज मेंदूचें चित्र यंत्रानें घेतां येतें, आणि रक्तवाहिनी फुटली कीं बुजली याचा निर्णय थोड्या वेळांत होतो. तरीही सर्व तपासण्या आटोपल्यावर ‘कारण सांपडलें नाहीं’ असा शेरा पुष्कळदां हातीं पडतो आणि घरांतील मंडळी बुचकळ्यांत पडतात. रक्तवाहिनी बुजून होणाऱ्या पक्षाघातांपैकीं सुमारें चौथा हिस्सा असा अज्ञातमूलक असतो. या शेऱ्याचा अर्थ काय, आणि त्यानंतर कुटुंबाचें कर्तव्य कोणतें, एवढाच विचार आम्हीं येथें योजिला आहे.

आपल्या शास्त्रकारांचा एक जुना विवेक या ठिकाणीं फार उपयोगी पडतो. वस्तु दिसली नाहीं म्हणून ती नाहींच, असें केव्हां म्हणतां येतें? ती तेथें असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिति असेल तेव्हां. यालाच योग्यानुपलब्धि म्हणतात. उजेडांत जमिनीवर घट दिसला नाहीं तर घटाचा अभाव सिद्ध होतो. अंधारांत दिसला नाहीं तर कांहींच सिद्ध होत नाहीं. पक्षाघातानंतर हृदयाची जी घाईघाईची तपासणी होते, ती बहुधा अंधारांत घट शोधण्यासारखीच असते.

मेंदूच्या रोगासाठीं हृदय कां तपासावें, अशी शंका वाचकांस येणें साहजिक आहे. चरकसंहितेनें शिर, हृदय आणि बस्ति हीं तीन प्रधान मर्में मानलीं. परंतु हृदयांतील दोष मस्तकापर्यंत कसा जातो, याचा उलगडा होण्यास एकोणिसावें शतक उजाडावें लागलें. जर्मन पंडित विर्शो यानें असें दाखवून दिलें कीं, रक्ताची गुठळी एका जागीं बनते, तेथून सुटते आणि प्रवाहाबरोबर वाहत जाऊन दूरच्या अरुंद वाहिनींत अडकते. हृदयांतून बाहेर पडणाऱ्या रक्तापैकीं शेंकडा सुमारें १५ हिस्से मेंदूकडे जातात. मग हृदयांतून सुटलेली गुठळी तेथें पोंचली तर नवल नाहीं.

अशी गुठळी होण्याचें सर्वांत सामान्य कारण म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांचें बेताल थरथरणें. डॉक्टर यास एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. हे कप्पे तालांत आकुंचन न पावतां नुसते कांपत राहतात. रक्त जोरानें पुढें ढकललें जात नाहीं, आणि डाव्या कप्प्यास लागून असलेल्या एका लहानशा पिशवींत तें सांचून गोठतें. या विकारानें पक्षाघाताचा धोका सुमारें पांचपट वाढतो. दुर्दैव असें कीं, हें थरथरणें पुष्कळांच्या बाबतींत येऊन जाऊन असतें. एखादे दिवशीं घटकाभर आलें, कीं पुढें महिनाभर त्याचा मागमूसही नसतो; आणि कित्येकदां स्वतः रोग्यासही त्याची जाणीव होत नाहीं.

आतां परीक्षेचीं साधनें पाहूं. हृदयाच्या विद्युत्प्रवाहाचा आलेख काढण्याचें यंत्र हॉलंडांतील लायडन येथील आइंटहोव्हेन यानें सिद्ध केलें व त्याबद्दल त्यास १९२४ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. हाच आपल्या परिचयाचा ईसीजी. पण नेहमींच्या ईसीजींत हृदयाचे अवघे दहाएक सेकंद टिपले जातात, आणि एका दिवसाचे सेकंद ८६,४०० होतात, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या कागदावर किती भार टाकावा तें कळेल. पुढें अमेरिकेंतील मोंटाना राज्यांतल्या नॉर्मन होल्टर यानें हिंडत्याफिरत्या माणसाचा आलेख घेण्याचा ध्यास घेतला. त्याचें आरंभीचें यंत्र पाठीवर बांधून न्यावें लागे आणि त्याचें वजन सुमारें ३८ किलो होतें! आज त्याच्याच नांवानें ओळखली जाणारी चोवीस तासांची तपासणी खिशांत मावणाऱ्या डबीनें होते.

परंतु चोवीस तास तरी पुरेसे आहेत काय? याचें उत्तर देणारे दोन मोठे प्रयोग २०१४ सालीं प्रसिद्ध झाले. कॅनडांतील प्रयोगांत ५५ वर्षांच्या पुढील ५७२ रोगी घेतले होते. या सर्वांची नेहमींची तपासणी निर्दोष निघाली होती. निम्म्यांवर आणखी चोवीस तास पाळत ठेवली, तर निम्म्यांवर तीस दिवस. पहिल्या गटांत शेंकडा ३.२ जणांत हें थरथरणें सांपडलें. दुसऱ्यांत शेंकडा १६.१ जणांत! दुसऱ्या प्रयोगांत ४४१ रोग्यांपैकीं निम्म्यांच्या छातीच्या कातडीखालीं एक लहानसें नोंदयंत्र बसविलें होतें. वर्षअखेर यंत्र बसविलेल्यांपैकीं शेंकडा १२.४ जणांचा, आणि नेहमींच्या रीतीनें तपासलेल्यांपैकीं केवळ २ जणांचा दोष उघडकीस आला. तीन वर्षांनीं हेंच अंतर शेंकडा ३० आणि ३ असें झालें. वर्षभरांत ज्यांचा दोष कळला, त्यांच्या शोधास लागलेला मध्यम काळ ८४ दिवसांचा होता. इस्पितळांतील चार दिवसांत जें दिसलें नाहीं, तें तिसऱ्या महिन्यांत दिसलें!

तालाप्रमाणें हृदयाची घडणही पाहावी लागते. ध्वनिलहरींनीं हृदय पाहण्याची रीत स्वीडनमधील लुंड येथें एडलर व हर्ट्झ यांनीं १९५३ सालीं काढली. तीच आजची इको तपासणी. वर सांगितलेली पिशवी छातीवरून नीट दिसत नाहीं. म्हणून प्रसंगीं अन्ननलिकेंत नळी घालून मागच्या बाजूनें पाहतात. गर्भावस्थेंत हृदयाच्या वरच्या पडद्यास एक झडपेसारखें छिद्र असतें. जन्मानंतर तें मिटतें, पण सुमारें चौघांत एकाचें अर्धवट उघडें राहतें. पायाच्या शिरेंतील गुठळी या वाटेनें मेंदूकडे जाऊं शकते, हें कोनहाइम यानें १८७७ सालींच सुचविलें होतें. शिरेंतून सूक्ष्म बुडबुड्यांचें मिठाचें पाणी सोडून हें छिद्र शोधतात. साठीच्या आंतील निवडक रोग्यांत तें बुजविल्यानें पुढील पक्षाघात टळतात, असें २०१७ सालच्या प्रयोगांनीं दाखविलें. तथापि छिद्र इतक्या जणांस असतें कीं, वृद्धाच्या बाबतींत तेंच अपराधी ठरविण्याची घाई करूं नये.

आपल्या देशांत आणखी एक गोष्ट विसरतां कामा नये. लहानपणीं घसा सुजून मग ताप व सांधेदुखी आली, आणि त्यांत हृदयाची झडप कायमची आंखडली, अशीं माणसें आजही पुष्कळ आहेत. त्यांच्या हृदयांत गुठळी लौकर होते. अशा रोग्यांत वरच्या कप्प्यांचें थरथरणें असल्यास नव्या औषधांपेक्षां वॉरफरिनच्या जातीचीं जुनीं औषधेंच सरस ठरतात, हें २०२२ सालीं सिद्ध झालें. म्हणून रोग्याच्या बाळपणींच्या दुखण्याची आठवण घरांतील वृद्ध मंडळींनीं डॉक्टरांस आवर्जून सांगावी. ती माहिती कोणत्याही यंत्रांत नसते.

येथें कोणी म्हणेल, ‘एवढा शोध कशाला? सरसकट रक्त पातळ करण्याचें जोरदार औषध द्यावें म्हणजे झालें!’ हा मार्गही चोखाळून पाहिलेला आहे. अज्ञातमूलक पक्षाघाताच्या ७,२१३ रोग्यांवर रिव्हरॉक्सबॅन (२०१८) आणि ५,३९० रोग्यांवर डाबिगाट्रान (२०१९) हीं औषधें अ‍ॅस्पिरिनशीं ताडून पाहण्यांत आलीं. पुन्हां पक्षाघात टाळण्याच्या कामीं दोन्हीही अ‍ॅस्पिरिनपेक्षां सरस ठरलीं नाहींत. पहिल्यानें मोठ्या रक्तस्रावांचें प्रमाण मात्र वाढविलें. उलट थरथरणें खरोखर सांपडलें, तर वॉरफरिनसारख्या औषधानें पक्षाघाताचा धोका सुमारें दोन-तृतीयांश कमी होतो. निदानावांचून दिलेलें औषध आणि निदानानंतर दिलेलें औषध यांत एवढें अंतर आहे. क्वचित् क्षणभर आढळलेलें थरथरणें हेंच मूळ होतें काय, हें मात्र डॉक्टरांनींच ठरवावयाचें.

मग कुटुंबानें काय करावें? रोगी चालूं लागला, बोलूं लागला, कीं ‘आतां बरें आहे, पुन्हां खर्च कशाला?’ असें घरांत कोणी तरी म्हणतेंच. आणि बहुधा तें स्वतः रोगीच म्हणतो! त्या वेळीं घरांतील एकानें ही जबाबदारी आपल्याकडे घ्यावी. मानेच्या रक्तवाहिन्या पाहिल्या काय, हृदयावर एकंदर किती तास पाळत ठेवली, आणखी ठेवणें जरूर आहे काय, असे तीन प्रश्न डॉक्टरांस नम्रपणें पण स्पष्टपणें विचारावेत. सर्व कागद एका फाइलींत तारीखवार लावावेत. शार्ङ्गधरानें नाडीच्या गतीचें बारकाईनें वर्णन केलें आहे. घरांतील कोणीही तीन बोटें ठेवून मिनिटभर नाडी पाहावी आणि ठोके अनियमित लागल्यास डॉक्टरांस कळवावें. मनगटावरील नवीं घड्याळेंही अशी सूचना देतात. पण ती सूचनाच, निर्णय नव्हे. चालू असलेली गोळी मनानें बंद करूं नये, आणि शेजाऱ्याची गोळी मनानें सुरू करूं नये. रक्तदाब, मधुमेह व तंबाखू यांचा बंदोबस्त तर शोध चालू असतांनाही करावयाचाच आहे. आणि पुन्हां तोंड वांकडें झालें, हात गळाला वा वाचा अडखळली, तर तत्क्षणीं इस्पितळ गांठावें. गुठळी विरघळविण्याचें इंजेक्शन सामान्यतः पहिल्या साडेचार तासांतच देतां येतें.

मेंदूच्या चित्रावर सूक्ष्म वाहिन्यांचा विकार स्पष्ट दिसत असेल, तर हृदयाचा एवढा लांब शोध प्रत्येकास लागेलच असें नाहीं. परंतु ज्याच्या कागदावर ‘कारण अज्ञात’ असा शेरा आहे, त्याच्या घरच्यांनीं तो शेरा म्हणजे निकाल लागला असें समजूं नये. प्रारब्धावर हवाला ठेवण्यापूर्वीं, शोधतांना उजेड पुरेसा होता काय, एवढें तरी विचारणें हें आपलें कर्तव्य आहे. पहिल्या आघातानें माणसाचा एक हात गेला असेल. दुसऱ्यानें सारें घरच अधू होतें.